निळ्या महिन्यातला तपकिरी

ओल्या रंगावर विश्वास ठेवू नये, ही त्या घरातली पहिली शिकवण. लोकरीची लडी हंड्यातून बाहेर निघते तेव्हा असते त्याहून दोन छटा गडद दिसते, आणि जो घाईघाईने "झाला रंग" म्हणतो तो दुसऱ्या दिवशी कपाळाला हात लावून बसतो. म्हणून रंगारी लडी दोरीवर टाकायचा, तिच्याकडे पाठ फिरवायचा आणि विणकरांना सांगायचा, "उद्या बघू." विणकर घाई करत, विनवण्या करत, क्वचित आवाजही चढवत. याचं आपलं एकच, "उद्या." शेवटी त्यांनी त्याचं नावच उद्याबुवा पाडलं. तोंडावरसुद्धा तसंच म्हणत. त्याला राग येत नसे. साधं बोलणंच ज्याच्या जिवावर यायचं, तो रागवायचे कष्ट कुठून घेणार?

बोलण्याचं खातं बायकोकडे होतं. गिऱ्हाइकाशी ती बोलायची, पाणीवाल्याशी ती भांडायची, आणि दिवसभर हंड्यावर उभी राहून वाफेत लोकर हलवताना लोकरीशीही बोलायची. पंचवीस वर्षांची वाटणी होती ती: हंडा तिचा, दोरी त्याची. रंग चढवायचा तिने आणि चढलेल्या रंगाचा निवाडा करायचा त्याने. वाळलेल्या प्रत्येक लडीतून बोटभर धागा कापून तो एका जाड वहीत चिकटवायचा आणि खाली तारीख टाकायचा. त्या तारखेशेजारी बायको दोन शब्द लिहायची: "मीठ जास्त पडलं", "झकास", "पुन्हा असला रंग नको गं बाई".

तिचा घसा मात्र लहानपणापासून नाजूक. वर्षातून एखाद-दोनदा टॉन्सिल सुजायचे, बोरांएवढे व्हायचे, आवाज बसायचा, ताप यायचा. ती मिठाच्या कोमट पाण्याने गुळण्या करायची आणि पदर खोचून पुन्हा हंड्यावर. "जुने भाडेकरू आहेत हो," ती म्हणायची. "भाडं देत नाहीत नि जागाही सोडत नाहीत."

दोन वर्षांपूर्वी असाच घसा धरला असताना एका सकाळी ती न्हाणीघरातून हसत बाहेर आली.

"अहो, ऐकलंत का? लघवी अगदी चहासारखी झाली. काल तो तपकिरी उपसला ना, अंगात मुरला बघा!"

मास्तराची बायको असती तर घाबरली असती, पण ही पडली रंगाऱ्याची. त्या घरात नखं निळी, टॉवेल गुलाबी, मोरीची फरशी कधी हिरवी तर कधी जांभळी. रंगाऱ्याला काम शिकवणारे म्हातारे उस्ताद म्हणायचे, रंगाऱ्याचा घामसुद्धा रंगीत असतो. तेव्हा त्याने मान हलवली आणि सवयीने म्हणाला, "उद्या बघू."

दोन दिवसांत सगळं स्वच्छ झालं. सात-आठ महिन्यांनी पुन्हा घसा, पुन्हा ताप, पुन्हा चहा. त्याही आठवड्यात हंड्यावर कसलासा तांबूस रंग होताच. दोघेही हसले आणि विसरले.

तिसऱ्या खेपेला मात्र गालिचे विणणाऱ्या एका विणकराचं मोठं काम आलं. त्याला गालिच्यावर आकाश हवं होतं, पहाटेपासून संध्याकाळपर्यंतचं, पंधरा छटांचं. महिनाभर घरात निळ्याशिवाय दुसरा रंग शिरला नाही. त्याच महिन्यात एका सोमवारी बायकोचा घसा सुजला, आणि मंगळवारी सकाळी तापाच्या गुंगीत ती न्हाणीघरात पाणी टाकायचं विसरली. तिच्यामागून रंगारी आत गेला.

कडक चहाचा रंग, खाली किंचित तांबूस झाक. त्याच्या डोक्याने आधी काय केलं, तर रोज करायचं तेच केलं: हा कुठल्या हंड्यातला? बाहेर येऊन त्याने वही उघडली. काल निळा. परवा निळा. मागे मागे जात राहिला. सव्वीस दिवस नुसता निळा. तपकिरीचा एक धागा नाही.

तो पालथ्या बादलीवर बसला. रस्त्यापलीकडून जाणाऱ्या माणसाच्या गळपट्ट्यात दोन हंड्यांची लोकर आहे हे ओळखणारा माणूस. त्याला त्याच्या घरात, त्याच्या बायकोने, एकच रंग दोनदा सांगितला होता. आणि त्याने दोन्ही वेळा "उद्या" म्हटलं होतं.

बायको गळ्याला मफलर गुंडाळून पडली होती. तो उंबऱ्यात उभा राहिला.

"अगं, महिनाभर निळंच चाललंय आपल्याकडे."

"मग? कंटाळलात?"

"तसं नाही. न्हाणीघरात... तपकिरी होतं."

मग तिने चादर डोक्यावरून ओढली. आतून आवाज आला, "शी! तुम्ही बघितलंत? काहीतरीच तुमचं!"

"आज डॉक्टरांकडे जायचं."

चादर खाली आली. "आज? तुम्ही आणि आज?" त्याचा चेहरा पाहिल्यावर मात्र तिने पुढची थट्टा गिळली आणि पायात चपला सरकवल्या.

गल्लीतल्या डॉक्टरांनी लघवी तपासली, रक्तदाब मोजला, दोन्ही आकड्यांकडे पाहून ओठ आवळले आणि मूत्रपिंडाच्या डॉक्टरांच्या नावे चिठ्ठी लिहून दिली. या डॉक्टर म्हणजे चाळिशीच्या आतल्या एक बाई होत्या. मोजकं बोलायच्या, पण ऐकताना पेन खाली ठेवायच्या. त्यांनी सांगितलं की लघवीत रक्त आहे, प्रथिनंही जातायत, दाब वाढलाय. मग विचारलं, "घसा दुखल्यावर रंग कधी बदलायचा? लगेच, की पंधरा दिवसांनी?"

"कोण लक्षात ठेवतं डॉक्टर," बायको म्हणाली.

रंगाऱ्याने कापडात गुंडाळलेली वही टेबलावर ठेवली. पुरावा मागतील या भीतीने त्याने ती काखेत मारून आणली होती. दोन वर्षांमागचं पान काढून त्याने तपकिरी धाग्यावर बोट ठेवलं. त्याखाली बायकोचे शब्द होते: "घसा धरला, तरी उपसला." पुढच्या तीन दिवसांच्या धाग्यांखाली नुसत्या तारखा, तिचे शब्द नाहीत.

"म्हणजे या दिवशी घसा धरला," तो चाचरत म्हणाला, "आणि दुसऱ्या दिवशी ही मला... चहाचं म्हणाली."

"दुसऱ्याच दिवशी?" डॉक्टरबाई पुढे झुकल्या. "हे फार उपयोगाचं आहे. काही आजारांत घशानंतर दोन आठवडे जातात. इतकं लगेच झालं, तर माझा संशय वेगळ्या आजारावर जातो." मग सावकाश पानं उलटत म्हणाल्या, "माझे सगळे पेशंट अशी वही ठेवतील तर मी लवकर घरी जाईन."

पाठीतून सुई घालून मूत्रपिंडाचा कणभर तुकडा काढला गेला. तिला तासन् तास न हलता पडून राहावं लागलं. तिच्या मते सुईपेक्षा न हलणं महाकठीण होतं. दहा दिवसांनी निकाल आला आणि डॉक्टरबाईंनी कागदावर आकृती काढली.

"टॉन्सिल म्हणजे घशाच्या दारातले पहारेकरी. जंतू आला की ते शरीराला जागं करतात. त्यांच्यातल्या पेशी एक प्रतिपिंड तयार करतात, आम्ही त्याला आयजीए म्हणतो. जंतूला धरून ठेवायचं त्याचं काम. तुमच्या शरीरात यातली काही जरा सदोष बनतात. ती रक्तातून फिरतात, एकमेकांना चिकटतात, गोळे होतात आणि मूत्रपिंडाच्या चाळणीत अडकून बसतात. चाळणी सुजते, फाटते, आणि रक्त खाली उतरतं. घसा सुजला की पहारेकरी जास्तच जोर करतात. म्हणून दुसऱ्या दिवशी चहा."

"न विरघळलेली पूड," रंगारी एकदम म्हणाला.

दोघींनी त्याच्याकडे पाहिलं. तो लालबुंद झाला, पण थांबला नाही. "रंगाची पूड नीट विरघळली नाही की गोळे राहतात. आम्ही गाळताना ते कापडात अडकतात. घासून काढायला गेलं तर कापडच विरतं."

"अगदी हेच," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"मग रंगानंच झालं का हे?" बायकोने विचारलं. हा प्रश्न तिने दहा दिवस पोटात ठेवला होता.

"मला तरी यात तुमच्या रंगाचा दोष दिसत नाही. आणि कापड अजून बरंच शाबूत आहे. पण असंच चाललं तर दहा-पंधरा वर्षांत काय होईल, ते आज मी छातीठोक सांगू शकत नाही."

दाबाच्या गोळ्या सुरू झाल्या, जेवणातलं मीठ कमी झालं. "दिवसभर मिठाच्या पोत्यात हात," बायको कुरकुरली, "आणि ताटात चिमूटभर नाही. हे म्हणजे विहिरीवर राहून कोरडं मरणं." उरला प्रश्न टॉन्सिल काढायचे की नाही हा. डॉक्टरबाईंनी त्यावर आडपडदा ठेवला नाही. काही ठिकाणी या आजारात ते सर्रास काढतात, काही ठिकाणी डॉक्टर नको म्हणून मान हलवतात. फायदा होईल, न होईल. तुमचा घसा वारंवार सुजतो आणि दर वेळी रक्त येतं, म्हणून मी तुम्हाला सुचवते. पण निर्णय तुमचा.

बायकोची थोरली बहीण पलीकडच्या रस्त्यावर राहायची. आईविना वाढलेल्या धाकटीला तिनेच लहानाचं मोठं केलं होतं, म्हणून रंगाऱ्याला ती थट्टेने जावईबुवा म्हणायची आणि सासूच्या तोऱ्यात चुकाही काढायची. बातमी ऐकून ती तडक आली आणि खुर्चीत बसायच्या आधीच रडली.

"नऊ वर्षांची होती तेव्हाच डॉक्टर म्हणाले होते, काढून टाका. ही पलंगाखाली जाऊन बसली. मीच म्हटलं, राहू दे, पोरीचा आवाज जाईल."

"ताई, आवाज गेला असता तर यांचं भलं झालं असतं," बायको म्हणाली. "तेव्हा हा आजार कुणाच्या स्वप्नात होता? उगीच स्वतःला दोष देऊ नकोस. इथं एक जण पुरेसा आहे त्या कामाला."

तो एक जण मान खाली घालून बसला होता.

त्या दिवसांत रंगाऱ्याने दोन गोष्टी केल्या आणि दोन्ही त्याच्या अंगाशी आल्या. पहिली म्हणजे, न्हाणीघरात एक काचेचा पेला आणून ठेवला. रोज सकाळी तो पेला खिडकीच्या उजेडात धरायचा, डोळे बारीक करायचा, तिरका करून पाहायचा. बायकोला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

"पंचवीस वर्षं संसार केला, आता एवढंच बघायचं राहिलं होतं! मी काय लडी आहे?"

दुसरी गोष्ट त्याच्या लक्षातही आली नाही. त्याने "उद्या" म्हणणं सोडून दिलं. विणकराने विचारलं की ओल्या लडीकडे बघून सांगायचा, "झाला. आजच घेऊन जा." आकाशाच्या गालिच्याची दुपार त्याने अशीच ओली पास केली. विणकर तीन दिवसांनी लोकर घेऊन परत आला.

"उद्याबुवा, ही दुपार आहे का आजारी माणसाचा सदरा?"

बायको हंड्यापाशी उभी होती. तिने फिकट लडी हातात घेतली, मग नवऱ्याकडे पाहिलं. विणकराला तिनेच समजावून वाटेला लावलं. दुपारी भाकरी खाताना ती म्हणाली, "मी ते टॉन्सिल काढून टाकणार आहे."

त्याचा घास हातात राहिला. "डॉक्टरबाई म्हणाल्या ना, फायदा होईलच असं नाही."

"म्हणाल्या."

"दुखतं म्हणे पुष्कळ. मोठ्या माणसांना जास्त."

"म्हणे." तिने पाण्याचा तांब्या त्याच्याकडे सरकवला. "हे बघा, घसा माझा, मूत्रपिंडं माझी. मला भीती वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. तुम्ही रोज सकाळी त्या पेल्यात बघता ना, तेव्हा मी तुमच्या तोंडाकडे बघते. तुमचं तोंड बघूनच मला दिवसभर आजारी वाटतं. तेव्हा एक अट आहे. तो पेला आजपासून माझा. बघायचं ते मी बघेन, सांगायचं ते मी सांगेन. तुम्ही लोकर बघा. तिचे हाल बघवत नाहीत मला."

"मी दोनदा ऐकूनही..." तो म्हणाला आणि अडला.

"दोनदा ऐकलंत, आणि तिसऱ्यांदा मी सांगितलंही नाही, तरी ओळखलंत. तेवढंच धरा." मग उठता उठता म्हणाली, "आणि हसत कोण होतं दोन्ही वेळा? मीच ना?"

शस्त्रक्रिया तासाभराची होती. घशाच्या डॉक्टरांनी तिला दहा-बारा दिवस थंड, पातळ खायला आणि शक्य तितकं गप्प राहायला सांगितलं. पहिले दोन दिवस ती थुंकी गिळतानाही उशी मुठीत धरायची. ताई सकाळी पेज आणून गार करत बसायची आणि संध्याकाळी जाताना बजावायची, "जावईबुवा, तिला बोलतं करू नका." जणू त्या घरात बोलतं करणारा तोच होता!

मग घरात जी शांतता पसरली ती त्याला सोसेना. पंचवीस वर्षं त्या आवाजाच्या सावलीत तो निवांत गप्प बसला होता. आता कुणीतरी बोलायला हवं होतं आणि दुसरं कुणी नव्हतं. तिसऱ्या दिवशी तिच्या उशाशी बसून त्याने घसा खाकरला आणि सांगितलं की हंड्याखालची जाळी बदलायला झाली आहे. तिने मान डोलावली. मग त्याने सांगितलं की उस्तादांनी पहिल्या दिवशी त्याला दिवसभर नुसतं पांढऱ्याकडे बघायला लावलं होतं. पांढऱ्यात किती रंग असतात ते कळेपर्यंत दुसऱ्याला हात लावायचा नाही. ही गोष्ट त्याने तिला कधीच सांगितली नव्हती. तिने हाताने खूण केली: पुढे?

पुढे पुष्कळ होतं. धरणाचं दार उचलावं तसं झालं. लग्नाच्या दिवशी तिने नेसलेल्या शालूचा हिरवा रंग कच्चा होता आणि तिच्या मनगटावर उतरला होता, पण सांगावं कसं म्हणून तो गप्प राहिला, हेसुद्धा सांगून झालं. तिने उशीवर डोकं टेकून डोळे मोठे केले, हसू आलं, हसताना घसा दुखला, आणि तिने त्याच्या दंडावर चापट मारली.

नवव्या दिवशी तिचे पहिले शब्द बाहेर पडले, घोगरे, फाटके. "किती बोलता हो तुम्ही."

तो चटकन गप्प झाला. तेव्हा तिने हात पुढे करून त्याची बाही ओढली. "थांबा म्हटलं का मी?"

पाच महिने बरे गेले. विणकरांना पुन्हा "उद्या" ऐकायला मिळू लागलं आणि आकाशाची दुपार दुसऱ्यांदा नीट उतरली. सकाळी पेल्याकडे बायको बघायची आणि बाहेर येऊन एवढंच म्हणायची, "ठीक." तो पुढे विचारत नसे. विचारायला जीभ वळायची, पण अट ती अट.

मग थंडी आली, बाजारात सगळे खोकू लागले आणि एका बुधवारी तिचाही घसा जळू लागला. टॉन्सिल गेले तरी घसा होताच. दुपारी अंग कोमट लागलं. ताईने पाठवलेलं सार तिने निम्मं ठेवलं. दोघांनाही एकच गोष्ट ठाऊक होती आणि दोघेही तिच्याबद्दल सोडून सगळं बोलत होते. दर वेळी घसा धरला की दुसऱ्या सकाळी कळायचं. आजवर कधी चुकलं नव्हतं.

गुरुवारी सकाळी ती न्हाणीघरात गेली. तो रिकाम्या हंड्यात काठी फिरवत उभा राहिला. हंड्यात पाणी नाही हे त्याला काठी तळाला खणकन लागल्यावर कळलं.

ती बाहेर आली. हात ओले, गळ्याला मफलर, चेहरा तापाने तांबूस.

"बघितलं मी," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली.

त्याने काठी घट्ट धरली.

"फिकट पिवळा. रोजच्यासारखा."

त्या घरात रंगाचा शेवटचा शब्द आजवर त्याचा असायचा. तिने हंड्यापाशी "झकास" म्हटलेले किती रंग त्याने दोरीवर नापास केले होते! पेला अजून आत होता. चार पावलं टाकली असती तर दिसला असता. त्याचं एक पाऊल उचललंही गेलं. मग त्याने तिच्याकडे पाहिलं. ती त्याच्या तोंडाकडे बघत होती.

"बरं," तो म्हणाला आणि पाऊल जागेवर ठेवलं. "घसा फार दुखतोय?"

"दुखतोय की. दुखू दे मेला." आणि ती हंड्याच्या काठावर टेकून बसली. त्याने आपला कोरडा पंचा तिच्या ओल्या हातांवर टाकली आणि तो तसाच धरून उभा राहिला.

दुपारी दोघे तपासणीला गेले. साध्या डोळ्यांना न दिसणारं थोडं रक्त सूक्ष्मदर्शकात दिसलंच. प्रथिनं आधीच्या निम्म्यावर आली होती. डॉक्टरबाई म्हणाल्या, आजार गेला असं मी म्हणणार नाही. टॉन्सिलमुळे उतरलं, गोळ्यांमुळे उतरलं, की दोन्हींमुळे, तेही सांगता येणार नाही. पण घसा सुजूनही रंग बदलला नाही, हे चांगलं आहे. गोळ्या चालू ठेवा, तीन महिन्यांनी या.

परत येताना बायको म्हणाली, "म्हणजे अर्धं राहिलं."

"अर्धं गेलं," रंगारी म्हणाला.

"तेच म्हणते मी."

"नाही. तू उलटं म्हणालीस."

"अहो, दोन्ही एकच ना?"

"एकच कसं? तू आधी राहिलेलं धरतेस. मी गेलेलं धरतोय." तो रस्त्यात थांबून हातवारे करत मोठ्याने बोलत होता आणि येणारे-जाणारे वळून बघत होते. बायकोने मफलर तोंडावर ओढला, कारण हसलं की घसा दुखत होता.

"सावकाश," ती म्हणाली. "नीट समजावून सांगा. मला कुठं घाई आहे?"